यंत्राचे सगेसोयरे

सांता क्रूस गावाच्या सभागृहात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. 'ब्रुहुला' या शोधयंत्राच्या कंपनीचा रोलांदो नावाचा माणूस राजधानीहून आला होता. हातात माईक, मागे भलामोठा पडदा. कुणी विचारलं, गाईच्या सडांना सूज आली तर काय करावं? उत्तर हजर. एका म्हातारीनं सीमेपलीकडच्या आपल्या माहेरगावाचं नाव सांगितलं, तर पडद्यावर तिथलं चर्चच उभं राहिलं. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

"इथे कुणाचा हात नाही," रोलांदो म्हणाला. "शुद्ध गणित. जे उत्तम, ते आपोआप वर येतं, दुधावर साय येते तसं. आणि सरकार म्हणतंय, कायदा करून आम्ही यंत्राच्या आत डोकावणार. उद्या तुम्ही काय शोधायचं तेही तेच ठरवतील."

मग त्या कायद्याविरुद्धच्या अर्जावर सह्या सुरू झाल्या. पहिली सही ओदिलीची. तिचा ब्रुहुलावर देवापेक्षा काकणभर जास्तच विश्वास. तिचा भाऊ एलियेसर तिथल्याच तुरियाल्बा ज्वालामुखीच्या उतारावर चीज करायचा, वडील करायचे अगदी तसंच. पण ब्रुहुलावर 'तुरियाल्बाचं चीज' शोधलं की पहिलं नाव यायचं 'ला कुंब्रे' दुकानाचं, आणि एलियेसर दुसऱ्या पानाच्या तळाशी. गिऱ्हाईक आटलं. तो म्हणायचा, चीज पूर्वीचंच आहे गं. ती म्हणायची, "खोट तुझ्यातच असणार. यंत्राला ना भाऊ ना भाचा, ते कशाला खोटं बोलेल?" जन्मभराच्या कष्टांचं चीज काही झालं नाही, आणि गेल्या महिन्यात त्यानं गाई विकल्या. गाईंना गिऱ्हाईक ओदिलीनंच आणून दिलं होतं.

तेवढ्यात शाळेतल्या नीदियाबाई उठल्या. त्यांना एकच गोष्ट शोधायची होती: 'एलियेसर सोलानोचं चीज'. पूर्ण नावानिशी.

पडद्यावर सर्वांत वर आलं 'ला कुंब्रे'. त्याखालीही 'ला कुंब्रे'च. हाक मारली एलियेसरला आणि ओ दिली भलत्यानंच. बाईंनी लोकांना आपापल्या फोनवर दुसऱ्या शोधयंत्रांत तेच विचारायला लावलं. तिथे एलियेसर पहिला होता.

'ला कुंब्रे' कुणाचं, हे विचारल्यावर रोलांदोला एकदम माईक बिघडल्यासारखा वाटू लागला. बाईंनी स्वतःच पुढे होऊन अक्षरं दाबली. उत्तर आलं: ब्रुहुला कंपनीचं.

"म्हणजे यंत्राला सख्खा भाऊ आहे," बाई म्हणाल्या. "चमत्कार तो एवढाच. आपल्या दुकानाला वर ठेव, बाकीच्यांना खाली ढकल, असं माणसांनीच यंत्राला शिकवलंय. ही साय नव्हे, पळीनं वर काढून ठेवलेलं पाणी आहे."

"आणि सरकार आपली माणसं वर ठेवणार नाही कशावरून?" रोलांदो म्हणाला.

"भीती खरी आहे. म्हणून वर काय यावं, हे सरकारनं ठरवूच नये. पण बाजारात तराजू तपासणारा चीजचा भाव ठरवतो का? पारड्याखाली कुणी बोट लावलंय का, तेवढं बघतो. तेवढं बघायलाही तुम्ही का घाबरता? आणि लोकहो, तराजू तपासलेला असला तरी डोळे आपणच उघडे ठेवायचे."

ओदिलीच्या अंगाचा तिळपापड झाला. औषध घ्यायचं तर या यंत्राला विचारून, पाहुण्याला जेवायला घालायचं तर याला विचारून, आणि यानं तिच्या घरावरच नांगर फिरवला. तिनं अर्जावरची सही खोडली आणि तशीच भावाकडे गेली. रिकाम्या गोठ्याच्या दाराशी एलियेसर चीजचे लाकडी साचे उन्हात मांडत होता, कुणाला तरी देऊन टाकण्यासाठी. तिनं सगळं सांगितलं. "मला फसवलं रे त्यांनी," म्हणताना तिला रडू आलं.

त्यानं हातातला साचा खाली ठेवला.

"त्यांनी फसवलं हे खरंच," तो म्हणाला. "पण ओदिली, मी दर शनिवारी तुझ्या घरी चीज आणून देत होतो. यंत्राला विचारण्याआधी एकदा चाखून तरी बघायचंस."