कपाटानं न केलेला फोन

कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच दारूवर बोलायला लागले की पोरं बुटांच्या नाड्यांकडे बघत बसायची. हे भाषण दर हंगामाच्या पहिल्या दिवशी व्हायचं, चांगलं पंचवीस मिनिटांचं, आणि त्याचा शेवट ठरलेला. "प्यायलेला दिसलास की संघाबाहेर. बाप आला तरी परत घेणार नाही." एकोणीस वर्षांत त्यांनी फक्त दोघांना काढलं होतं. त्यावरून आपली पोरं धुतल्या तांदळासारखी आहेत अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

त्यामुळे यंदा कॉलेजच्या दवाखान्यातून निरोप आला की भाषण नको, एक विद्यार्थीच येऊन खेळाडूंशी बोलेल, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काल ज्यांना दाढी फुटली ते एकमेकांना काय शिकवणार? पण वरून आलेला निरोप. "येऊ दे," ते म्हणाले, "मी मागे बसेन."

आली ती मुंगी. लांब पल्ल्याची धावपटू, तिसऱ्या वर्षाला, अंगानं एवढीशी, म्हणून हे टोपणनाव. मैदानाला फेऱ्या मारताना सगळ्यांनी तिला पाहिलं होतं, बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. सराव नुकताच संपलेला. कपडे बदलायच्या खोलीत ओल्या मोज्यांचा वास भरलेला, फरशीवर बुटांची माती. तिनं एका बाकावरचे टॉवेल बाजूला सारले आणि खोक्यातून चार ग्लास, चहाच्या रंगाच्या पाण्याची एक बाटली आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं रेघांचं मोजपात्र काढून मांडलं.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, त्यातलं जमेल तेवढं सांगते. एकेकानं यायचं आणि एक पेग ओतायचा. नेहमी ओतता तसा. जे पीत नाहीत त्यांनी अंदाजानं. पाणीच आहे."

पहिला उठला पोपट. मैदानाच्या डाव्या बगलेतून पळणारा, झोपेतसुद्धा बडबडणारा. त्यानं झोकात ओतलं. मुंगीनं ते मोजपात्रात घेतलं, डोळ्यांसमोर धरलं.

"पंचाहत्तर. मापाचा एक म्हणजे तीस मिली. हे अडीच झाले."

खोली हसली. मग एकामागून एक सगळे आले. साठ, ऐंशी, सत्तर. कुणाचाही एक, एक निघेना. हसणं हळूहळू कमी होत गेलं.

"सर, तुम्ही?" मुंगीनं विचारलं.

सर रोज जेवणाआधी एकच घ्यायचे. हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. पण बावीस पोरं ओतून बसली होती. ते उठले, बाटली तिरकी केली आणि घरी हात जिथे आपसूक थांबतो तिथे थांबले.

"पंच्याण्णव," मुंगी म्हणाली. "तीनाच्या थोडं वर."

पोपटाचा आकडा सांगितला होता त्याच आवाजात. कुणीही हसलं नाही. हसले असते तर सरांना बरं वाटलं असतं.

मुंगीनं ग्लास बाजूला ठेवले. "आता कुणीतरी आडवं व्हा. बेशुद्ध आहात असं समजा."

पोपट तत्परतेनं फरशीवर पसरला, जीभ बाहेर काढून.

"हा हाक मारून उठत नाहीये. काय कराल?"

थंड पाणी मारू, कुणी म्हणालं. काळी कॉफी पाजू. झोपू देऊ, सकाळी उतरेल. मुंगी प्रत्येक उत्तराला नाही अशी मान हलवत होती. "यातलं काहीच नाही. उताणा झोपला आणि उलटी झाली तर ती श्वासात अडकते. अशानं माणूस झोपेतच जातो. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि अँब्युलन्स बोलवायची. कपाट, तू ये."

कपाट म्हणजे गोलकीपर. गोलात उभा राहिला की पलीकडचं जाळं दिसायचं नाही. पोपटाच्याच खोलीत राहायचा. तो गुडघ्यांवर बसला, पोपटाच्या खांद्याला हात लावला आणि तसाच थांबला.

"मी उताणाच झोपवला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"मागच्या हंगामात. उपांत्य सामना जिंकलो तेव्हा. ह्याला उचलून खोलीत आणला, पाठीवर टाकला, पांघरूण घातलं. घसा घरघरत होता. मला वाटलं घोरतोय. मग ओठांचा रंग बघून भीती वाटली. सरांचा नंबर काढला. दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो आणि ठेवून दिला."

"का?" हे मुंगीनं नाही, मागून सरांनी विचारलं.

कपाटानं मान वर केली नाही. "तुम्ही ह्याला काढलं असतं, सर. शिष्यवृत्ती गेली असती ह्याची. सकाळी हा उठला, चहा मागितला. मला वाटलं, सुटलो. कशातून सुटलो ते आत्ता कळतंय."

पोपटानं डोळे उघडले होते. एरवी ज्याचं तोंड बंद करायला रेफरी लागायचा, त्यानं पडल्या पडल्या कपाटाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला माहीतच नव्हतं रे," एवढंच म्हणाला.

मुंगीनं दोघांचं सांत्वन केलं नाही. ती कपाटाच्या शेजारी बसली. "आता कर. लांबचा गुडघा वाकव. त्याचा हात गालाखाली घे. हळू आपल्याकडे ओढ. तोंड जरा खाली."

कपाटानं पोपटाला वळवलं. मग मुंगीनं सगळ्यांच्या जोड्या लावल्या. सर भिंतीला टेकून बघत राहिले. मैदानावर एकमेकांना आडवं करण्यात वस्ताद असलेली ती दांडगी पोरं मातीनं भरलेल्या फरशीवर गुडघे टेकून एकमेकांना कुशीवर घेत होती. इतक्या हलक्या हातानं, की जणू तान्ही मुलं. कुणी थट्टा करत नव्हतं. श्वास चाललाय का हे बघायला एकजण दुसऱ्याच्या नाकापाशी कान नेत होता. एकोणीस वर्षं घसा फोडून जे झालं नव्हतं ते समोर घडत होतं, आणि ते घडवणारी मुलगी अंगठ्यानं चष्मा वर सारत एकेकाची कोपरं सरळ करत फिरत होती.

ते पुढे आले. गुडघे कुरकुरले, तरी फरशीवर आडवे झाले.

"मलाही वळव," ते मुंगीला म्हणाले. "बघू दे कसं ते."

नव्वद किलोचा माणूस तिनं एका ओढीत कुशीवर घेतला. गालाखाली स्वतःचाच हात, समोर पोरांचे मळके बूट. तिथूनच सर बोलले, "आजपासून तो नियम रद्द. प्यायलात तर बाकावर बसवीन, ते वेगळं. पण फोन केला म्हणून कुणाचं काही जाणार नाही. आधी अँब्युलन्सला करा, मग मला. मी येईन." मग डोळ्यांनी कपाटाला शोधून, "आणि कपाट, चूक तुझी नव्हती."

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पंच्याण्णवसकट.

"बाटली कोण आणतं?" ती म्हणाली. "महिन्याला किती लागतात ते मला माहीत आहे. तुम्ही एकच म्हणायचात, मी ऐकून घ्यायची."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही भाषण ऐकायच्या तयारीत नव्हता."

त्यांनी औषधाचं छोटं माप धुऊन फळीवर ग्लासाशेजारी ठेवलं. पुढे काही दिवस माप वापरलं, मग ग्लासच खाली येईनासा झाला.

त्या हंगामात सरांना तीन फोन आले. दोन नुसतेच घाबरून केलेले. तिसरा एका रविवारी भर दुपारी, पहिल्या वर्षाच्या बचावपटूसाठी. सर पोचले तेव्हा अँब्युलन्स निघत होती. पोरगं कुशीवर होतं, पोपट त्याचा हात धरून आत बसला होता आणि दर मिनिटाला श्वास मोजून मोठ्यानं आकडा सांगत होता. दार लागेपर्यंत सर रस्त्यात उभे राहून ते आकडे ऐकत राहिले.

पोरगं वाचलं. दोन सामने बाकावर बसलं. मग मुंगीकडे जाऊन म्हणालं, मलाही हे शिकव, मलाही पुढच्या पोरांना सांगायचंय.