लाल ओळी

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या ताईचा लॅपटॉप महिनाभर तिचा जीव खात होता. रंग भरता भरता पडदा निळा व्हायचा आणि केलेलं सगळं पाण्यात जायचं. हत्तीचं अख्खं कुटुंब तिने तीनदा काढलं.

"तूच काहीतरी भलतं दाबतेस," धाकटा भाऊ म्हणायचा. कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या हातचा मळ. आईही त्याचीच री ओढायची, "तुझा हातच जड आहे, बाई." ऐकून ऐकून ताईला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला.

एका दुपारी, घरात कुणी नसताना, तिने मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवला. चुकांच्या लाल ओळी पडद्यावर भराभर उतरू लागल्या. म्हणजे खोट तिच्या हातात नव्हती! तिला हायसं वाटलं. तिने लॅपटॉप बंद करून पालथा घातला, स्क्रू काढले, बॅटरी सोडवली आणि मेमरीच्या दोन पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या. एक निर्दोष निघाली. दुसरी लावली की पुन्हा लाल ओळी.

ती दुसरी तिने उजेडात धरली आणि थबकली. दोन्ही पट्ट्या तिनेच बसवल्या होत्या, एकाच कंपनीच्या, जोडीने घेतलेल्या. हिच्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं; ही तिची नव्हतीच. आणि मध्यंतरी 'धूळ साफ करतो' म्हणून लॅपटॉप उघडला होता तो फक्त धाकट्याने.

संध्याकाळी तो आला तशी तिने पट्टी त्याच्यासमोर ठेवली.

"ही तुझ्या लॅपटॉपमधली ना?"

तो उगाच हसला. मग म्हणाला, "माझा सारखा बंद पडायचा गं. व्हिडिओचं काम अडलं होतं. तुझी काय, नुसती चित्रं. वाटलं, चालून जाईल."

"आणि वर मलाच वेड्यात काढलंस?"

स्वयंपाकघरातून आईच बोलली, "मीच म्हटलं त्याला, घे म्हणून. तू घेतेस सांभाळून."

भावाचा नुसता राग आला होता. हे मात्र काळजात रुतलं. ती हत्ती पुन्हा पुन्हा काढत होती, तेव्हा शेजारी भाजी निवडत बसलेल्या आईला सगळं ठाऊक होतं.

"माझी पट्टी काढून दे. आत्ता."

त्याने आपला लॅपटॉप उघडून ती काढून दिली. तिने ती बसवली, तपासणी पुन्हा लावली. एकही लाल ओळ आली नाही.

"झालं ना नीट? मग सोड आता," आई म्हणाली.

ताईने लॅपटॉप पिशवीत भरला. दुसऱ्या दिवसापासून ती मैत्रिणीच्या घरी बसून काम करू लागली. आईचा फोन आला की उचलायची, 'उशीर होईल' एवढंच सांगायची आणि ठेवून द्यायची.