मस्कत

सूर्यभान त्या दिवशी बांधावर भांडायलाच गेला होता. अंगदच्या शेळीने त्याच्या पेरूच्या बागेत तोंड घातलं होतं, आणि एवढं निमित्त त्याला महिनाभर पुरलं असतं. दोघे चुलतभाऊ, मधे एक बांध. अंगदच्या दारात नवी मोटरसायकल आली की सूर्यभानला घास गिळायचा नाही. अंगदच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा तर त्याने दाढ दुखते म्हणून अंथरूणच धरलं. आम्ही शेजारी मुद्दाम भेटायला जायचो आणि विचारायचो, "दाढ कुन्या बाजूची? अंगदच्या का?"

तर तो पोचला तेव्हा अंगद पाठमोरा उभा राहून मोबाईलवर बोलत होता.

"व्हय साहेब, ठरलं. मस्कतच लावतो. समदा माल कंपनीच उचलनार ना? मंग झालं. न्हाई, गावात अजून कुनाला बोललो न्हाई."

शेळी राहिली बाजूला. सूर्यभान पावलं न वाजवता मागे सरकला आणि तडक घरी आला.

"अंग्या मस्कत लावतोय," त्याने बायकोला, झुंबरबाईला सांगितलं. "कंपनी बांधावरनं उचलनार हाय म्हनं."

आमच्याकडे मस्कत म्हणजे डाळिंब. जुनं वाण. आता जो तो भगवा लावतो, मस्कत कुणाच्या ध्यानातही नाही.

"ते जुनं डाळिंब? त्येला आता कोन इचारतं?" झुंबरबाई म्हणाली.

"समद्यांनी सोडलं म्हनूनच त्येला आता भाव आला आसंल. अंग्या लई आतल्या गाठीचा हाय. त्येच्या आदी मी लावनार."

"आन् कुठं लावनार?"

सूर्यभानने पेरूच्या बागेकडे हात केला.

झुंबरबाईचं मळायचं पीठ परातीत तसंच राहिलं. ती बाग तिच्या सासऱ्याने लावलेली. कालव्याला पाणी सुटलं नाही त्या उन्हाळ्यात तिने हंड्याने पाणी घालून झाडं जगवलेली. थंडीत पेरू पिकले की वास पार सडकेपर्यंत जायचा आणि येणारीजाणारी माणसं गाड्या थांबवायची.

"तुमच्या डोळ्यांत अंगदभावजीच बसल्यात," ती म्हणाली. "तुमाला बाग कुठनं दिसनार!"

पण तो ऐकतोय थोडाच. दुसऱ्या दिवशी गेला गनीभाईच्या रोपवाटिकेत.

"मस्कत?" गनीभाई म्हणाला. "भाऊ, भगवा घ्या. मस्कत मी ठेवतच न्हाई."

"अंग्यानं सांगून ठिवलं व्हय? सूर्यभानला देऊ नको म्हनून?"

"अंगदभाऊ हिकडं आलेच न्हाईत."

"आसं सांग म्हनून बी त्यानंच सांगितलं आसंल!"

गनीभाईने कपाळाला हात लावला. कुठल्या तरी जुन्या झाडांची कलमं करून देतो म्हणाला, आणि दिली.

भाद्रपदाच्या उन्हात जेसीबी आला. मीही बघायला गेलो होतो. आडव्या पडलेल्या झाडांवर हिरवे पेरू तसेच लागलेले होते. मला फार वाईट वाटलं. झुंबरबाई दिवसभर घराबाहेर आली नाही.

अंगद बांधावर आला. "दादा, बाग का काढली?"

"माझी बाग, माझी मर्जी," सूर्यभान म्हणाला. त्याला वाटलं, जिंकलो. अंगद त्या उघड्या काळ्या रानाकडे बराच वेळ बघत राहिला आणि गेला.

पुढे अंगदने लोखंडी अँगल रोवले, तारा ओढल्या. सूर्यभान चक्रावला. डाळिंबाला तारा? काहीतरी नवीन पद्धत असणार, आपण मागे का राहायचं? त्यानेही तारा ओढल्या. आम्ही विचारलं, "धुनं वाळत घालाय का?" तो म्हणाला, "कळंल तुमाला."

कळलं त्यालाच. अंगदच्या तारांवर वेली चढल्या, आणि पानं द्राक्षाची निघाली.

"अंग्या!" तो धावत बांधावर गेला. "तू तर मस्कत लावनार हुतास!"

"हेच की मस्कत, दादा. वाइनचं द्राक्ष. पन तुला कुनी सांगितलं?"

सूर्यभान तार ओढून बघू लागला. अंगद मात्र खुशीत आला होता.

"एक जात न्हाई ही, घरानंच हाय. पांढरं हाय, तांबूस हाय, काळं हाय. कुनाची गोड वाइन हुती, कुनाची फेसाची, कुनाची जेवनावर घोटभर घ्यायची. साहेब म्हनत्यात, रंग बदलंल, चव बदलंल, पन वास समद्यांचा एकच. कुनी बी वळखावं."

"म्हाईत हाय मला," सूर्यभान म्हणाला. "मी डाळिंबच लावनार हुतो."

दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात अंगदची द्राक्षं पिकली. बारके मणी बघून सूर्यभान आधी सुखावला. मग वारं फिरलं आणि वास आला. गुलाबाचा म्हणावा तर त्यात मध, मधाचा म्हणावा तर त्यात संत्र्याचं फूल. ओसरीवर वास, माजघरात वास. सूर्यभान भर दुपारच्या उकाड्यात खिडक्या लावून बसला. कंपनीचा साहेब आला, त्याने एक मणी चिरडून हुंगला आणि डोळेच मिटले. टेम्पो भरून गेला.

सूर्यभानलाही डाळिंबं लागली होती, गुलाबी, देखणी. पण त्यांना वास कुठला? व्यापारी आला, "भगवा हाय का?" म्हणाला आणि पुढे गेला.

त्या संध्याकाळी मी सूर्यभानकडे चहाला बसलो होतो. अंगद पाटीत घड घेऊन आला.

"वयनी, पयली काढनी हाय. देवापुढं ठिवा."

"वास दाखवाय आलास व्हय?" सूर्यभान म्हणाला.

अंगद खाली बसला. "दादा, खरं सांगू? वासापायीच लावलं म्या हे. तुझा पेरू पिकला की वास माझ्या ओट्यावर यायचा. गाड्या तुझ्या बांधाला थांबायच्या. माझ्या कांद्याकडं कोन बघतंय? लई जळायचो मी. साहेबाला म्हनलं, वास सुटंल आसं कायतरी द्या. त्यांनी मस्कत दिलं. आन् मी द्राक्षाची काडी रोवायच्या आत तू बागच काढली! आता कुनावर जळू मी?"

झुंबरबाईला हसू फुटलं. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग हसणं थांबलं तरी पदर तिथेच राहिला. सूर्यभानने एक मणी तोंडात टाकला.

"गोड हाय," तो म्हणाला. अंगदच्या कुठल्या गोष्टीला त्याने चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सकाळ झाली तशी तो रोपवाटिकेत गेला. मलाही ओढत नेलं.

"गनीभाई, पेरूची रोपं दे."

"नीट सांगा हां भाऊ या बारीला. पेरूच ना?"

"पेरूच."

"मंग उशीर केला तुमी. आत्ताच अंगदभाऊ समदी रोपं ठरवून गेले. म्हनाले, वासाबिगर करमत न्हाई."

"अंग्या पेरू लावनार?" सूर्यभानचा चेहरा बघता बघता तांबडा झाला. कालचा गोड मणी कुठल्या कुठे गेला. एक हात दाढेवर गेला.

"मंग मला मस्कत दे," तो म्हणाला.

गनीभाईने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा आदी," तो म्हणाला. "कंचं मस्कत?"