योगायोग, देवाशपथ

कोल्हारात कुणाचं धोतर भलत्याच्याच दोरीवर सापडलं, की लोक सूर्यभानकडं बघायचे. तो मिशीत हसून म्हणायचा, "योगायोग!" दुसऱ्यानं केली तर खोडी, आपण केली तर योगायोग, एवढाच त्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ.

बायको रतनबाई आणि तिची धाकटी बहीण छबूबाई यांच्यात समेट घडवणं मात्र त्याला जमेना. आई गेली तेव्हा भिंगारची छबू उशिरा पोचली. "तुला आई नव्हतीच," असं रतन बोलून गेली, न दोघींचं बोलणं तुटलं. सूर्यभाननं दोघींना समोरासमोर आणायला किती डाव टाकले. रतननं सगळे हुडकून काढले. "पुन्यांदा असं केलंत तर माहेरी निघून जाईन!" म्हणाली, आणि माहेरात आता कुणीच नाही हे आठवून चुलीकडं तोंड करून बसली. त्या दिवसापास्नं सूर्यभाननं नाद सोडला.

सरहद्दीवरची लढाई नुकतीच थांबली होती. देवीच्या जत्रेत बायकांची झुंबड उडालेली. नूरुद्दीन बांगडीवाला खाली मान घालून बसलेला. त्याला तोंडं दिसतच नव्हती, नुसते हात. रतनचा डावा हात भरला, तेवढ्यात रेटा आला न ती मागं ढकलली गेली. पुढं एक उजवा हात आला. मनगटावर रतनच्या हातावर होतं तसंच तुळशीचं गोंदण. नूरुद्दीननं उरलेल्या बांगड्या त्यात चढवल्या.

"झालं, भाभी. दोनी हात भरले."

"माझा उजवा कुठं भरलाय?" रतन ओरडली, तशी त्या हाताची बाई वळली. छबू!

रतननं गर्रकन मागं उभ्या नवऱ्याकडं बघितलं. "तुमीच!"

"न्हाई गं, देवाशपथ! योगायोग..." सूर्यभानची जीभ अडखळली. जन्मात पहिल्यांदा तो शब्द खरा होता, न आता कोण ऐकणार?

"वाढवा तिच्या हातातल्या बांगड्या," रतन नूरुद्दीनला म्हणाली.

"आत्ता भरल्या न आत्ता फोडू? माझ्यानं न्हाई व्हनार, भाभी."

छबूचा हात रतनच्या हाताला लागूनच होता. आईनं दोघींना एकाच दिवशी गोंदवून घेतलं होतं.

"यष्टी चुकली हुती गं, आक्का," छबू म्हणाली. "नगरच्या स्टँडावर नुसती रडत बसले हुते."

रतननं आपला उजवा आणि छबूचा डावा हात नूरुद्दीनपुढं धरला. "भरा."

"मी म्हनलं न्हवतं, योगा..."

"गप बसा. हे तुमच्या डोक्यातनं निघालंच नसतं."

छबू डोळे पुसता पुसता हसली. "दाजी, सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

सूर्यभान भजी आणायला पळाला.