कोमट पाणी

महादेवीला माती देऊन बारा दिवस झाले होते. माणसं भेटायला यायची, पण चहा पुढे केला की म्हणायची, "आताच घेऊन आलो." निलंग्यात बातमी पसरली होती की महादेवप्पाच्या, म्हणजे माझ्या, टाकीत किडा आहे आणि त्याच पाण्यानं माझी बायको गेली.

बातमी अर्धीच खरी होती. आमच्या गल्लीला आठ दिवसांनी नळ येतो. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत साठवतो. महादेवीला कायमची सर्दी. मठातल्या योगवर्गात ती नेती शिकली. तोटीच्या लोट्यानं एका नाकपुडीत पाणी सोडायचं, दुसरीतून काढायचं. किशनराव सर सांगायचे, पाणी कोमट घ्या. एप्रिलच्या उन्हात टाकीचं पाणी कोमटच असतं. ती पातेलं गॅसवर ठेवायला लागली तेव्हा मीच म्हणालो, "गॅस कशाला जाळतेस?"

मग ताप आला, डोकं फुटायला लागलं, मान वळेना. चौथ्या दिवशी तिनं मला ओळखलं नाही. लातूरच्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासलं. त्यात अमिबा होता. सहाव्या दिवशी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, "असं फार क्वचित होतं. हे पाणी पिऊन हा आजार होत नाही. नाकात वर चढलं तर अमिबा मेंदूत जातो. नेतीला पाणी उकळून थंड केलेलंच पाहिजे."

रविवारी मठात तीस बायकांना नेतीचे नवे लोटे मिळणार होते. बादल्या भरून कोमट व्हायला उन्हात ठेवल्या होत्या. मी माझ्या टाकीच्या पाण्यानं भरलेली घागर घेऊन गेलो आणि लोट्यांच्या खोक्यावर बसलो.

"महादेवप्पा, उठा," किशनराव सर म्हणाले.

"बादल्यांतलं पाणी उकळल्याशिवाय उठत न्हाई."

"आठ वर्षं शिकवून राहिलो. कुणाला काही झालं न्हाई."

"एकीला झालं, सर. ती माझी होती."

सर जवळ येऊन हळू बोलले, "बायका घाबरतील. वर्ग बुडेल."

"घाबरू द्या. मी वर्ग बुडवायला आलो न्हाई. तिला लई आवडायचा हा वर्ग." मग मी बायकांकडे वळलो. "गॅस जाळू नको असं तिला मीच म्हणालो होतो. चूक माझी. टाकीला नावं ठेवू नका." घागरीतलं पेलाभर पाणी घेऊन सगळ्यांसमोर प्यालो. "पिल्यानं हा रोग होत न्हाई. कच्चं पाणी नाकात जाऊ देऊ नका."

सरांनी घड्याळ पाहिलं. मग स्वतःच एक बादली उचलून मठाचा दासोह, म्हणजे सगळ्यांचं जेवण, जिथं शिजतो त्या चुलीकडे नेली. मी मोठं पातेलं चढवलं.

पुढे बसलेली नागम्मा माझ्या चुलत्याची सून. तिची जीभ पहिल्यापासून तिखट.

"भावजी, जन्मात कधी चहा केला न्हाई तुम्ही. पाणी उकळलेलं कळतं का तरी?"

"बुडबुडे येऊन राहिले की कळतं."

"आन् थंड व्हायला?"

"तासभर लागेल."

"तासभर आम्ही काय तोंडं बघत बसायचं?" ती उठली, चुलीजवळ आली आणि माझी घागर तिरकी करून पाहिली. "हे तुमच्याच टाकीचं ना?"

"हाव."

"मग यातलंच घाला चहाला. साखर मी टाकते, तुमचा भरवसा न्हाई."