एका अंगात दोन भाऊ

मी एक जुना वंशवृक्ष आहे, मित्रांनो. माझी मुळे मातीत नाहीत, संगणकात आहेत. दूरदूरच्या नातेवाइकांनी मोबाईलवरून नावे घालावीत आणि मी वाढत जावे, असा माझा संसार. मला लावले ते कुळातल्या सगळ्यांच्या आत्याने. ती दंतवैद्य. “उपटायच्या आधी फोटो काढून बघायचा,” हा दवाखान्यातला नियम तिने मलाही लावला, पण कात्री, म्हणजे नावे पुसायची-बदलायची मुभा, मात्र सगळ्यांच्या हातात दिली. भोळी!

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. लोक आधी स्वतःला शोधत, मग जावेचा फोटो आपल्यापेक्षा ठळक नाही ना, हे तपासत आणि समाधानाने निघून जात.

माझ्या एका फांदीवर दोन सख्खे भाऊ होते. कुंपणाच्या भांडणात थोरल्याने धाकट्याच्या डोक्यात पहार घातली. धाकट्याची नात नर्स आहे. तिने आजोबांच्या नावाखाली लिहिले, ‘भावाच्या हातून मृत्यू.’ त्या माणसाचा ना फोटो उरला होता, ना घर. माझ्यावरची तेवढी ओळ म्हणजेच तिचे आजोबा.

थोरल्याचा नातू टायरवाला. दुकानाच्या पाटीवर त्याने आजोबांचेच नाव रंगवलेले. ओळ वाचून त्याचे टाळके सरकले. त्याने नुसती ओळ नव्हे, अख्खा माणूस पुसला. पहारीचे काम बोटाने झाले. धाकट्याची बायको, मुलगा, नात माझ्या अंगावर तुटल्या हातासारखी लोंबकळत राहिली.

नर्सने आजोबांना परत लावले. त्याने परत कापले. सकाळी जिवंत, दुपारी ठार. एरवी एकमेकांचे फोनही न उचलणारे नातेवाईक शिव्या द्यायला मात्र वेळेवर हजर. टायरवाल्याच्या एका मामेभावाने नर्सला ‘फोडून काढीन’ असे लिहिले आणि खाली शाबासकी देणारेही निघाले.

मग टायरवाल्याने सर्वांत क्रूर गोष्ट केली. एकच माणूस चुकून दोनदा लिहिला गेला, तर दोन्ही नोंदी जोडण्याची सोय माझ्यात आहे. त्याने दोघा भावांना जोडून एक केले. मारणारा आणि मेलेला एकाच अंगात कोंबले गेले. धाकट्याची विधवा मारेकऱ्याची बायको झाली.

नर्स मोबाईल घेऊन थेट दुकानात शिरली. मी तिच्या हातात उघडाच होतो.

“माझ्या आजीला कुणाच्या घरात घातलंस रे?”

“तू माझ्या आजोबांना खुनी म्हणतेस?”

“म्हणायचं काय त्यात? होतेच!”

त्याने टायर काढायची लोखंडी कांब उचलून हाणली. मोबाईलच्या काचेच्या ठिकऱ्या उडाल्या आणि तिचे उजवे मनगट मोडले.

पोलिसांनी त्याला नेले आणि पुढे तो जामिनावर सुटला. इकडे आत्याने आधी दोघा भावांना वेगळे केले, मग सगळ्यांच्या कात्र्या काढून घेतल्या. आता कोणीही बदल सुचवावा, आत्या खातरजमा करणार आणि मगच तो माझ्यावर उमटणार.

टायरवाल्याने फणकाऱ्याने लिहिले, ‘मग माझंही नाव काढून टाका.’

आत्याने उत्तर दिले, ‘काढायला तू काय किडलेली दाढ आहेस? जन्मलास ना? मग राहशील. हात तेवढे बांधलेत.’

बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडून एक सुधारणा आली. धाकट्याच्या मृत्यूची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. त्याने ती पाठवली होती. सोबत लिहिले होते, ‘आजोबा दरवर्षी या दिवशी अन्नाला शिवत नसत. का, विचारलं की आजी ताट उचलून आत जायची.’

आत्याने ते नर्सला दाखवले. हात प्लास्टरमध्ये. तिने डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत लिहिले, ‘घाला. पण त्याला माफ केलं असं कुणी समजू नका.’

तारीख माझ्यावर आहे. दोघे भाऊ शेजारी शेजारी आहेत, वेगवेगळे.

मित्रांनो, मला जपा म्हणजे माझे गोडवे गा, असे नाही. ज्याची लाज वाटते ते पानही राहू द्या. पुसलेला माणूस एकदा पुसून भागत नाही, तो रोज मारावा लागतो. आणि रोज मारता मारता हाताला सवय लागते.