मास्तरीणबाईंचे केस

मास्तरीणबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि अजूनही रोज सकाळी तलावावर बायकांना पोहायला शिकवायच्या. खांद्यावर रुळणारे पांढरे केस ओले राहून त्यांना वैताग देत, म्हणून ते कानापर्यंत कापायला त्या पार्लरमध्ये गेल्या. पार्लरवालीनं वाटीत काळा रंग कालवायला घेतला.

"हे कशाला? मला फक्त कापायचेत."

"तुमच्या मुलीचा फोन आला होता. रविवारी घरच्यांचा फोटो आहे ना? कापू नका, काळे करा, म्हणाल्या."

मास्तरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "केस माझ्या डोक्यावर आहेत की तिच्या?"

"ताई चिडतील हो," म्हणत पार्लरवाली कात्रीला हात लावेना. तेव्हा त्या तडक समोरच्या न्हाव्याकडे गेल्या. दाढीसाठी बसलेले पुरुष बघतच राहिले, पण न्हाव्यानं हवे तसे केस कापून दिले.

घरी मुलीनं कपाळावर हात मारला. "लोक म्हणतील, आईकडे लक्षच देत नाही."

"मग काल माझ्याशी चार शब्द बोलायचे होतेस. पार्लरवालीशी बोललीस."

मुलगी चेहरा पाडून आत निघून गेली.

रविवारी त्या लाल कुर्ता घालून, कानात मोठ्या रिंगा अडकवून आल्या. फोटोवाल्यानं लगबगीनं खुर्ची पुढे केली. "आजी, तुम्ही बसा."

"मी उभी राहते."

"दमाल हो."

मुलगीही म्हणाली, "बस ना गं आई."

त्यांनी खुर्ची पायानं बाजूला सारली. फोटोत सगळे हसताहेत आणि मास्तरीणबाई तेवढ्या, ताठ उभ्या, कपाळाला आठ्या घालून बघताहेत.